एका आपट्याच्या पानाचं सीमोल्लंघन

दिल्लीत सायकल चालवणं प्रकृतीला चांगलं असतं, असं सांगणारी माणसं मला आजवर फक्त मोटारीत भेटली आहेत. तरीही यंदाच्या ऑक्टोबरात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मी दोन दिवस सायकलवर काढले. एक दिवस अरवलीतल्या राखलेल्या जंगलात आणि एक दिवस यमुनेच्या खोऱ्यात. ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी हे लिहितोय. ज्यांना जायचं नसेल त्यांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही.

या प्रवासाचं कारण ताम्हनकर काकू. आमच्या सरकारी वसाहतीत मराठी मंडळ आहे. साठेक कुटुंबं, सगळी कुठल्या ना कुठल्या मंत्रालयात फायली सरकवणारी. दसऱ्याला सोनं वाटण्याचं खातं अकरा वर्षं माझ्याकडे आहे. दिल्लीच्या बाजारात आपटा मिळत नाही, म्हणून मी कोपऱ्यावरच्या बागेतल्या कांचनाची पानं तोडून आणतो. दोघांचंही पान जोडपान, त्यामुळे लांबून कुणाला फरक कळत नाही. दिल्लीत वाढलेल्या आमच्या मुलांना तर जवळूनही कळत नाही, त्यांना 'आपटा' हे आपटण्याचं आज्ञार्थी रूप वाटतं.

कळतं ते फक्त काकूंना. त्या चौऱ्याऐंशीच्या, मंडळात सगळ्यात वडील, म्हणून सगळे आधी त्यांना सोनं देऊन वाकतात. दरवर्षी माझ्या हातचं पान त्या घेतात, उलटसुलट करून बघतात, "जयंता, हे कांचन आहे," म्हणतात आणि परत ताटात ठेवतात. गेल्या वर्षी मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काकू, पान ते पान. भावना महत्त्वाची." सगळे हसले. काकू हसल्या नाहीत आणि जेवणाआधीच घरी गेल्या. यंदा कळलं की त्यांचा मुलगा निवृत्त होतोय आणि दसऱ्यानंतर तीनच दिवसांनी सगळे कायमचे नागपूरला चाललेत. म्हणजे सेहेचाळीस वर्षांनंतरचा हा त्यांचा दिल्लीतला शेवटचा दसरा. मी फोन करून छातीठोकपणे सांगितलं, "काकू, या वर्षी खरा आपटा आणतो." पलीकडून फक्त "बघू" आलं. ते 'बघू' मला पुढे पंधरा दिवस झोपताना आठवायचं.

शनिवार: हद्दीपलीकडे

आमच्या खालच्या मजल्यावर फारूक तांबोळी राहतो. मूळचा बार्शीचा, बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र. सरकारने त्याच्या या ज्ञानाचा उपयोग ओळखून त्याला जहाजवाहतुकीच्या फायलींवर बसवलं आहे. आपटा हा शब्द निघताच त्याचे डोळे चमकले. "मांगरच्या बणीत आहे. आपट्याला इकडे झिंझेरी म्हणतात. सायकलने जाऊ या."

गाडीने तासाभरात पोचलो असतो. पण फारूकने नवी सायकल घेतली होती आणि नव्या सायकलवाल्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. शिवाय त्याने बिनतोड मुद्दा काढला. "दसऱ्याचं सीमोल्लंघन आहे, जयंतराव. ते मोटारीने करतात का कधी?" मला तेव्हाच विचारायला हवं होतं की बाबा रे, मराठी माणसाने पुरेशी तयारी न करता दिल्लीच्या आसपास मोहिमा काढल्या की काय होतं, हे बघायला पानिपत इथून फार लांब नाही. पण मी मुलाची जुनी सायकल तेल घालून तयार केली.

पहाटे निघालो. मेहरौलीपर्यंत सायकलींसाठी वेगळी पट्टी आहे. तिच्यावर मोटारी उभ्या असतात, मोटारींच्या मध्ये भुट्टेवाले असतात आणि उरलेल्या जागेत कुत्री झोपतात. छतरपूरच्या पुढे फार्महाऊस लागतात. यांत शेत नसतं, घरही दिसत नाही, फक्त भिंत दिसते. पाच किलोमीटर भिंत बघत गेल्यावर मांडी गाव येतं आणि तिथे दिल्ली संपते. हद्दीवर स्वागताची कमान वगैरे काही नाही. रस्ता अचानक खराब होतो, त्यावरून ओळखायचं.

मांगर गावाच्या मागे टेकड्यांच्या ओंजळीत ही बणी आहे. आपल्या कोकणात देवराई असते तशीच. डोंगरउतारावर धौची, म्हणजे धावड्याच्या जातीची झाडं एकमेकांना चिकटून उभी, पायथ्याशी पळस, आणि मधल्या शांततेत एखादा मोर ओरडतो. दिल्लीपासून इतक्या जवळ इतकं जुनं रान शिल्लक आहे, याचा मला आधी संशयच आला. ही जागा चांगली आहे, मग हिच्यावर अजून सोसायटी कशी नाही, हा पहिला विचार डोक्यात यावा इतका मी दिल्लीकर झालो आहे. त्याची मला तिथे उभ्या उभ्या लाज वाटली.

सायकली ढकलत आत शिरलो. अर्ध्या तासाने फारूक थांबला आणि एका वाकड्यातिकड्या झाडाकडे बोट करून म्हणाला, "घ्या. तुमचं सोनं."

खरा आपटा. पान लहान, जाड, खरखरीत, खालून राखाडी, आणि मधोमध गाईच्या खुरासारखी खाच. मी पहिलं पान अगदी निवडून तोडलं. ते काकूंचं. चुरगळू नये म्हणून मंत्रालयाच्या ओळखपत्राच्या पाकिटात, कार्डाच्या मागे सरकवलं. मग वाटलं, आलोच आहोत तर मंडळासाठीही नेऊ. दसऱ्याला सोनं लुटतात, मागून घेत नाहीत. मी पिशवी काढली आणि लुटायला सुरुवात केली. फारूक आधी नको नको म्हणाला आणि मग वरच्या फांद्या वाकवून देऊ लागला.

"के तोड़ै सै?"

मागे एक म्हातारी उभी होती. घागरा, ओढणी, हातात स्वतःहून उंच काठी. एवढ्या काटेरी रानात ती आवाज न करता कशी आली ते मला अजून कळलेलं नाही. मी अदबीने म्हणालो, "दादी, पूजा के लिए थोड़े पत्ते."

"झोला खोल."

मी पिशवी उघडली. तिने आत पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मग शांतपणे सांगितलं की ही बाबाची, म्हणजे या रानाच्या राखणदाराची बणी आहे. इथली फांदी तुटत नाही, पान जात नाही, पडलेलं लाकूडसुद्धा गावातल्या चुलीत जात नाही. तिच्या सासूच्या सासूच्या काळापासून नाही.

आता माझ्यातला अधिकारी जागा झाला. मी खिशातून ओळखपत्र काढून तिच्यासमोर धरलं. "दादी, मैं सरकार में हूँ."

तिने कार्ड बराच वेळ पाहिलं. वाचता येत होतं की नाही, माहीत नाही. मग म्हणाली, "सरकार बाद में आई. बाबा पहले तै सै."

सेवाज्येष्ठतेचा मुद्दा निघाल्यावर विषय संपला. तिच्या सांगण्यावरून आम्ही सगळी पानं झाडाच्या बुंध्याशी ठेवली. मग तिने कान पकडायला सांगितले. भारत सरकारचे दोन राजपत्रित अधिकारी एका आपट्यासमोर कान धरून उभे राहिले. फारूकने डोळे मिटले होते. माझे उघडे होते आणि डाव्या हातात ओळखपत्राचं पाकीट होतं, ज्याच्या आत एक पान तसंच होतं. मी ते काढलं नाही. मनाशी म्हणालो, एकच तर आहे, आणि ते माझ्यासाठी नाही.

दादीचा राग त्यावर संपला. तिने आम्हाला बणीबाहेर आपल्या ओट्यावर नेलं आणि तिथे फारूकने डबा उघडला. बार्शीहून आलेली कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. तिने भाकरी दातांनी तपासली, दातांनी नकार दिल्यावर चुरून ताकात भिजवली. ताक तिच्याच घरचं, तांब्याभर, जिऱ्याची पूड घातलेलं. आपण ताकाला वाटीने मोजतो. इकडे तांब्याच्या खाली देणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. "थारे देस में रोटी सूखा के क्यूँ खावै सै?" तिने विचारलं. फारूकने पाऊस कमी, प्रवास लांब वगैरे समजावलं. ती म्हणाली, तरी पण.

निघताना तिने बजावलं की इथून काही नेलं तर बाबा रस्त्यात अडवतो. मी विज्ञाननिष्ठ माणूस आहे. गावाबाहेर माझं पुढचं चाक पंक्चर झालं, तेव्हा मी म्हणालो, विलायती कीकराचे, म्हणजे वेड्या बाभळीचे काटे. दोन किलोमीटरवर मागचं गेलं, तेव्हाही काटेच म्हणालो. फरिदाबादला फारूकच्या मेहुण्याकडे रात्रीचा मुक्काम होता, त्याच्या दारात साखळी तुटली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या साखळीकडे बघताना समजलं.

रविवार: खोरं

सकाळी सायकल दुरुस्त करून निघालो. यमुनेचं खोरं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कृष्णेचा घाट, हिरवे मळे, पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी असं काही आलं होतं. म्हशी होत्या. त्या पाण्यापासून लांब उभ्या होत्या, त्यांना आपल्याहून जास्त कळतं. फरिदाबादच्या पूर्वेला बांधावरून उत्तरेकडे जाणारी मातीची वाट आहे. डावीकडे शहर कचरा टाकत पुढे सरकतंय, उजवीकडे नदी मागे हटतेय, आणि मधल्या पट्ट्यात मुळा, पालक, मेथी यांची शेती. सायकलीला ही वाट उत्तम. मोटारी नाहीत, चढ नाही. वास आहे, पण पहिल्या तासानंतर नाकच राजीनामा देतं.

पाणी मात्र काळं. कालिंदी हे नाव कुणी कशावरून ठेवलं होतं ते असेल, आता ते शब्दशः खरं करून दाखवलं आहे. लांबून नदीवरच्या बंधाऱ्याच्या बाजूला पांढरा फेस दिसत होता. बांधावर दोन तरुण तो मागे घेऊन स्वतःचे फोटो काढत होते, हिमालयात आल्याच्या आविर्भावात.

एका वळणावर झेंडूचं शेत लागलं. सकाळच्या उन्हात पिवळंधमक. रामप्रसाद नावाचा शेतकरी टोपल्या भरत होता. आम्ही थांबून नुसतं बघत होतो, तर त्याने विचारलं, "कहाँ के हो?" महाराष्ट्र म्हटल्यावर म्हणाला, "आपके यहाँ तो दशहरे में खूब लगता है गेंदा." आणि मी पिशवी काढायच्या आत त्याने दोन ओंजळी फुलं फारूकच्या हँडलवरच्या टोपलीत टाकली. पैसे घ्यायला तयार होईना. "नदी माँ का है, भैया."

जिला आपण अशी करून ठेवली आहे ती नदी न मागता देत होती. आणि जे जंगल लोकांनी जीव लावून राखलं, तिथून मी चोरून आणलं होतं. पुढे एका पिंपळाखाली चहा घेताना मला राहवलं नाही. मी पाकीट उघडून फारूकला पान दाखवलं.

तो हसेल असं मला वाटलं होतं. त्याने चहाचा पेला खाली ठेवला. "जयंतराव, मी कान धरले ते खरेच धरले होते," तो म्हणाला. नंतर घरी येईपर्यंतच्या वीस किलोमीटरमध्ये तो फक्त एकदा बोलला, तेही ट्रक येतोय हे सांगायला.

सोमवार: नोएडा, सातवा मजला

हा दिवस प्रवासात धरायचा की नाही, असा प्रश्न पडेल. मेट्रोने गेलो, म्हणून सायकलवाले धरणार नाहीत. पण सगळ्यात मोठा चढ इथेच होता.

काकू हल्ली मुलाकडे, नोएडात राहतात. घरभर खोकी बांधलेली. त्या खोक्यांमधल्या एका खुर्चीत बसल्या होत्या. मी पान त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते उलटलं. अंगठ्याने खालची राखाडी बाजू चोळली. नाकाशी नेलं. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "वर्ध्याच्या आमच्या घरामागे होता." डोळे भरून आले होते त्यांचे. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझं पान ताटात परत गेलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की तिथे थांबायची अक्कल राहिली नाही. मी सगळी हकीकत सांगितली, रंगवून, दादीच्या आवाजाची नक्कल करून. ओळखपत्रामागची युक्ती तर दोनदा सांगितली.

"मग त्या बाईंना कळलं नाही?"

"छे. त्यांच्या नाकासमोर होतं पान."

काकूंनी पान रुमालाच्या घडीत ठेवलं. मग म्हणाल्या, "जयंता, कांचन देत होतास ते निदान चोरीचं नव्हतं."

कांचनही सरकारी बागेतलंच होतं, ही बारीक गोष्ट मी तिथे काढली नाही. सोनारानेच कान टोचावे म्हणतात. तीन दिवसांत माझे कान दुसऱ्यांदा कामाला आले होते. मी म्हणालो, "तुमच्यासाठीच आणलं, काकू. गेल्या वर्षी मी जे बोललो ते मला लागून राहिलं होतं."

"ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "उद्या मला तिकडे घेऊन चल."

मंगळवार: पुन्हा मांगर

दसऱ्याच्या सकाळी फारूकने गाडी काढली. तो माझ्याशी अजून तुटकच बोलत होता, पण काकूंसाठी पुढच्या सीटवर उशी ठेवली होती. मांडी गावापाशी काकू म्हणाल्या, "हद्द आली की सांगा." रस्ता खराब झाला तसं मी सांगितलं. त्यांनी हात जोडले. "सेहेचाळीस वर्षं मंडळाच्या हॉलमध्येच सीमोल्लंघन केलं. बाहेरच्या दारापर्यंत जाऊन परत."

दादी गावाच्या टोकाला, बणीच्या वाटेवरच्या ओट्यावर बसली होती. मला पाहून म्हणाली, "फेर आ गया?"

मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि सांगितलं की शनिवारी एक पान मी ठेवून घेतलं होतं. कार्डाच्या मागे.

"मन्नै बेरा था," दादी म्हणाली. तिला तेव्हाच ठाऊक होतं. "तेरे कागज के पीछे तै झाँकै था."

"तो बोली क्यूँ नहीं?"

"मैं के बोलती. ले जाण आळा आप ए लौट कै आवै सै." नेणारा आपला आपण परत येतो, असा तिचा हिशोब.

फारूक त्या दिवशी पहिल्यांदा हसला. मला हसू आलं नाही. सरकारी नोकरीत तीस वर्षांत मला इतकं सरळ कुणी पकडलं नव्हतं आणि इतकं सहज सोडलंही नव्हतं.

काकू गाडीतून उतरल्या. माझा हात धरून ओट्यापर्यंत आल्या. त्यांचं हिंदी सेहेचाळीस वर्षांनंतरही वर्ध्याचंच आहे. "आपकी उमर कितनी हो गई?"

"नब्बे तो कद की हो ली."

नव्वद कधीच उलटली हे ऐकून काकूंच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. त्यांनी पर्समधून घडी घातलेला रुमाल काढला, रुमालातून ते पान काढलं आणि दोन्ही हातांनी दादीच्या हातात ठेवलं. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," त्या मराठीतच म्हणाल्या. मग एका हाताने ओट्याचा आधार घेत, गुडघे दुखत असताना, हळूहळू खाली वाकल्या आणि दादीच्या पायांना हात लावला.

दादीला शब्द कळले नसावेत. पण तिने काकूंच्या पांढऱ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "जीती रह, बेटी." मग पान घेऊन उठली आणि काठी टेकत बणीच्या दिशेने गेली, त्याला त्याच्या झाडाशी ठेवायला.

परतीच्या वाटेवर फतेहपूर बेरीजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा काकू बोलल्या. "हे गेले त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून मंडळात मीच सगळ्यात मोठी. सगळे येतात, मला सोनं देतात, वाकतात. मला द्यायला, वाकायला कुणी उरलंच नव्हतं रे." आणि त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. पुढचा अर्धा तास आम्ही दोघे समोरच्या बसचा मागचा भाग अतिशय लक्षपूर्वक वाचत होतो.

संध्याकाळी मंडळात ताट नेहमीचंच होतं. कोपऱ्यावरच्या बागेतलं कांचन, त्यावर यमुनेकाठचा झेंडू. रांगेत सगळ्यात पुढे मी होतो. काकूंच्या हातात पान ठेवलं आणि वाकलो. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"जयंता, हे कांचन आहे," त्या म्हणाल्या आणि पान पर्समध्ये ठेवलं.